युद्धाचे नियम शिकवणारं सत्र कसं घ्यायचं: तयारी, क्रम आणि नेहमी होणारे घोळ

शाळा असो, कॉलेज असो नाहीतर सोसायटी, "युद्धाचे नियम" या विषयावर कार्यक्रम ठरला की पुण्यात त्याचा साचा ठरलेला असतो. एक निवृत्त अधिकारी बोलवायचे (आपल्याकडे त्यांची कमी नाही, वानवडी-घोरपडी बाजूला तर प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक कर्नल साहेब सापडतात), त्यांनी कारगिलचे किस्से सांगायचे, मग कुणीतरी जिनिव्हा करारांची (युद्धातले जखमी, कैदी, नागरिक यांना वाचवणारे आंतरराष्ट्रीय करार) स्लाइड लावून कलमं वाचायची, शेवटी पोस्टर स्पर्धा आणि वडापाव. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश, फोटो ग्रुपवर. आठवड्याने त्यातल्याच एखाद्या पोराला विचारा की जखमी होऊन पडलेल्या शत्रूच्या सैनिकावर गोळी झाडता येते का, तो म्हणतो, "हो मग, शत्रूच आहे ना तो."

म्हणजे कार्यक्रम झाला, शिक्षण झालं नाही. माझ्या मते गडबड माहितीत नसते, क्रमात असते. आधी प्रसंग, मग मुलांचा स्वतःचा निर्णय, मग नियम, आणि कराराचं नाव-वर्ष सगळ्यात शेवटी. हे उलटं केलं की मुलं पहिल्या पाच मिनिटांत "सिव्हिक्सचा तास" म्हणून कान बंद करतात. खाली जे लिहिलंय ते शिक्षक, एनएसएस-एनसीसीचे लोक, शाळांमध्ये जाणारी लॉची मुलं आणि मंडळाचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

१. आधी ठरवा: कुणासाठी, किती जण, किती वेळ

आठवीच्या खाली हे सत्र नको. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने शाळांसाठी जो अभ्यासक्रम बनवलाय तोसुद्धा १३ ते १८ वयासाठी आहे, आणि त्यामागे कारण आहे, लहान मुलांना "मारणं कधी चालतं" हा प्रश्न टाकणं बरोबर नाही.

एका वेळी एक वर्ग, म्हणजे चाळीस-पन्नास मुलं, त्यापेक्षा जास्त नको. हॉलमध्ये तीनशे मुलं खाली बसवून घेतलं की ते भाषणच होतं, तुम्ही कितीही ठरवून गेलात तरी. वेळ सलग सत्तर मिनिटं, म्हणजे जोड तास. शाळा एकच तास देत असेल तर एकच प्रसंग घ्या आणि तो नीट करा, चार प्रसंग घाईत उरकू नका.

तारीख निवडताना सगळे १२ ऑगस्टच्या मागे लागतात, कारण चारही जिनिव्हा करार १२ ऑगस्ट १९४९ चे. पण त्या आठवड्यात प्रत्येक शाळेत पंधरा ऑगस्टची परेड आणि समूहगीत चालू असतं, तुम्हाला उरलेला अर्धा तास मिळेल आणि निम्मी मुलं ग्राउंडवर असतील. जुलै घ्या, नाहीतर दिवाळीनंतरचे पहिले दोन आठवडे.

तपासून घ्या: सत्र संपल्यावर मुलाला काय *करता* आलं पाहिजे हे एका वाक्यात लिहिता येतंय का? "जागरूकता निर्माण होईल" हे उत्तर नाही. "एखादी बातमी वाचून त्यात हल्ला कुणावर झाला आणि तो लढत होता का, एवढं विचारता येईल" हे उत्तर आहे.

२. स्वतःचा गृहपाठ

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण काहीच वाचत नाहीत, काही जण इतकं वाचतात की पोरांना सगळं सांगायचा मोह होतो. तुम्हाला एवढं पक्कं हवं:

चार करार कशाबद्दल आहेत: जमिनीवरचे जखमी आणि आजारी सैनिक, समुद्रावरचे जखमी, आजारी आणि जहाज बुडालेले, युद्धकैदी, आणि नागरिक. भारताने ते १९५० मध्येच मान्य केले आणि १९६० मध्ये आपल्या संसदेने जिनिव्हा करार कायदा केला. त्या कायद्यात करारांच्या गंभीर भंगाला शिक्षा आहे, संरक्षित माणसाला जाणूनबुजून ठार मारलं तर फाशी किंवा जन्मठेप, बाकी बाबतीत चौदा वर्षांपर्यंत कैद. पण कोर्टात तक्रार सरकारनेच करायची, तुम्ही-मी जाऊन करू शकत नाही. हा बारकावा कॉलेजच्या मुलांना हमखास लागतो.

दुसरं, भारत कशात *नाही* ते माहीत असू द्या. १९७७ च्या दोन जादा प्रोटोकॉलमध्ये (जिनिव्हा करारांना नंतर जोडलेले पूरक करार) भारत नाही, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारात नाही, भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या करारात नाही. रासायनिक आणि जैविक शस्त्रबंदीच्या करारांत आहे. प्रोटोकॉलमधले बरेच नियम रूढ कायदा (सही नसली तरी देशांच्या प्रथेने बंधनकारक झालेले नियम) म्हणून सगळ्यांनाच लागू धरले जातात, त्यामुळे "आपण सही केली नाही म्हणजे आपल्याला काहीच लागू नाही" हेही चूक. इंटरनेटवरून परदेशी स्लाइड उचलणारे इथे हमखास फसतात, प्रोटोकॉलचं कलम भारताने मान्य केलेलं म्हणून सांगून मोकळे होतात आणि मागच्या बाकावरचा एक जण मोबाईलवर तपासून हात वर करतो.

तिसरं, आणि हे शाळेला परवानगी मागताना कामाला येतं: हे नियम लोकांपर्यंत पोचवणं ही त्या चारही करारांत लिहिलेली जबाबदारी आहे. सैन्याच्या प्रशिक्षणात तर हवेतच, शक्य असेल तिथे नागरी शिक्षणातही घ्या असं त्यात म्हटलंय. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

३. परवानगी आणि पाहुणे

मुख्याध्यापकांना पत्र देताना त्यासोबत प्रसंगाची कार्डं जोडा (पुढे सांगतो). नुसतं "युद्ध" हा शब्द वाचून शाळा घाबरतात, कुणी राजकीय बोललं तर काय, पालक तक्रार करतील का वगैरे. कार्डं बघितली की निम्मा प्रश्न सुटतो.

वर्गशिक्षकांना एक गोष्ट आधी विचाराच: वर्गात फौजी घरातलं कुणी आहे का, कुणाच्या घरात कुणी शहीद किंवा जखमी झालंय का. पुण्यात सदर्न कमांड, एनडीए, एएफएमसी, खडकीचे सॅपर्स, एवढं सगळं आहे, त्यामुळे असं मूल वर्गात असण्याची शक्यता बरीच जास्त. त्या मुलाला आधी बाजूला घेऊन सांगा आज काय होणार आहे, बसायचं नसेल तर लायब्ररीत जाऊ दे. आणि त्याला उभं करून "तुझे बाबा काय म्हणतात सांग" असं कधीच करू नका.

निवृत्त अधिकारी जरूर बोलवा, फक्त त्यांना सुरुवातीला माइक देऊ नका. त्यांची जागा प्रसंग झाल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. त्यांना कार्डं आधी पाठवा आणि फोनवर अगदी आदराने सांगा की सर, आम्हाला शौर्यगाथा नकोय, एवढंच सांगा की अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत समोरचा हत्यार टाकतोय की उचलतोय हे कसं ओळखायचे, आणि वरून आलेला हुकूम उघडउघड बेकायदा असेल तर जवानाने काय करायचं. उघड बेकायदा हुकूम पाळला तर "मला सांगितलं होतं" हा बचाव चालत नाही, हे वर्दी घातलेल्या माणसाकडून ऐकलं की मुलांवर जो परिणाम होतो तो तुमच्या दहा स्लाइडने होणार नाही.

सावधान: जखमींचे, प्रेतांचे फोटो नकोत. "परिणाम होतो" म्हणून लोक दाखवतात. परिणाम होतो तो मळमळीचा, विचार थांबतो.

४. प्रसंगाची कार्डं: खरी मेहनत इथे आहे

सत्र चांगलं होणार की नाही हे इथेच ठरतं, म्हणून तयारीचा निम्मा वेळ यावर घाला.

खरे देश वापरू नका. भारत-पाकिस्तान, इस्राएल-गाझा, रशिया-युक्रेन असं काही लिहिलं की मुलं प्रसंग वाचतच नाहीत, आपली बाजू कुठली ते शोधतात. "पूर्वेकडचं सैन्य", "नदीपलीकडचे" एवढं पुरे. कार्ड सहा-सात ओळींचं, आणि शेवटी एकच प्रश्न: तुम्ही काय कराल? "हे योग्य आहे का?" असं विचारू नका, त्याला मुलं शिक्षकांना हवं ते उत्तर देतात.

एक नमुना पूर्ण देतो:

"नदीकाठच्या गावातल्या शाळेच्या गच्चीवर शत्रूचे दोन निरीक्षक दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसलेत आणि त्यांच्या तोफांना तुमचा ठावठिकाणा सांगतायत. तुमची माणसं मरतायत. खालच्या वर्गांमध्ये गावातली साठेक माणसं आसऱ्याला आहेत. तुमच्याकडे एक तोफ आहे, दोन नेमबाज आहेत, अंधार पडायला तीन तास आहेत. तुम्ही तुकडीचे कमांडर. काय कराल?"

बघा, यात सोपं उत्तर नाही. शाळा एरवी नागरी जागा, पण लढाईसाठी वापरली जातेय म्हणून ती लष्करी लक्ष्य होऊ शकते. खालची साठ माणसं मात्र नागरिकच राहतात. मग तोफ की नेमबाज, इशारा द्यायचा का, थांबायचं का, थांबलो तर आपली किती माणसं जातील. आणि ज्यांनी निरीक्षक त्या गच्चीवर बसवले त्यांनीही चूक केली, हे बहुतेक गटांच्या लक्षातच येत नाही, ते तुम्ही शेवटी काढायचं. दहा मिनिटांनी गटाला एक चिठ्ठी द्या: "गावकऱ्यांना बाहेर पडू दिलं जात नाहीये." लगेच कुणीतरी म्हणतं मग आता उडवा, त्यांचीच चूक. नाही. कुणी त्यांना ढाल केलं म्हणून त्यांचं संरक्षण संपत नाही.

बाकी कार्डांसाठी विषय, ज्यावर वर्ग हमखास पेटतो:

वैद्यकीय तंबू, एक डॉक्टर, आपला जवान पाय मोडलेला आणि शत्रूचा सैनिक पोटातून रक्त वाहतंय. आधी कोण? (नियम: क्रम फक्त वैद्यकीय गरजेवर, वर्दीवर नाही.)

विमान पेटलंय म्हणून पॅराशूटने उडी मारलेला पायलट खाली येतोय. गोळी झाडायची? नाही. पण हल्ल्यासाठी उतरणाऱ्या पॅराट्रूपर्सवर झाडता येते. हा फरक मुलांना फार आवडतो.

धरण. हे कार्ड पुण्यात वेगळंच चालतं, कारण १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घराघरात आजी-आजोबांनी सांगितलेला असतो. धरणाच्या भिंतीवरून शत्रूची रसद जातेय, खाली शहर आहे. धरण फुटल्यावर काय होतं हे समजावून सांगावं लागत नाही, शनिवार-नारायण पेठेतली मुलंच सांगतात पाणी कुठपर्यंत आलं होतं.

दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार. हे कार्ड खडकी-देहूरोड भागात घ्यायचं असेल तर उत्तर पक्कं करून जा, कारण तिथे "माझे बाबा फॅक्टरीत आहेत, म्हणजे ते टार्गेट का?" हा प्रश्न गंमत म्हणून येत नाही. उत्तर असं: कारखाना लष्करी लक्ष्य ठरू शकतो. कामगार नागरिकच. कामावर असताना ते त्या जागेचा धोका वाहतात, हल्ला करणाऱ्याने त्यांचा जीवही हिशोबात धरायचा असतो. घरी, बसमध्ये, मंडईत त्यांच्यावर हल्ला करणं बेकायदा. हे सगळं शांतपणे आणि खरं सांगा, "नाही रे बाळा काही होत नाही" असं म्हणून टाळू नका.

आणि शेवटचं, पकडलेल्या कैद्याला माहीत आहे बॉम्ब कुठे ठेवलाय. बहुतेक गट पाच सेकंदात "मारून विचारा" म्हणतात. म्हणून हे कार्ड कधीही पहिलं नको. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याने फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक सांगायचा, माहिती काढायला शारीरिक किंवा मानसिक छळ करता येत नाही. आधीच्या कार्डांनी मुलं जरा विचारात पडलेली असली तरच इथे चर्चा होते, नाहीतर नुसता आरडाओरडा.

तपासून घ्या: प्रत्येक कार्ड घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. त्यांनी दोन मिनिटांत ठाम उत्तर दिलं आणि विषय संपला तर कार्ड सोपं झालंय, अजून एक अडचण घाला.

५. सत्र: सत्तर मिनिटं कशी वापरायची

*पहिली दहा मिनिटं.* फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे "युद्ध कुणी सुरू केलं, बरोबर कोण", उजवीकडे "लढताना काय चालतं, काय नाही". मुलांना म्हणा युद्धाबद्दल जे प्रश्न आहेत ते ओरडून सांगा, आणि प्रत्येक प्रश्न कुठल्या बाजूला जातो ते त्यांनाच ठरवू द्या. मग डावी बाजू झाकून टाका, वर्तमानपत्र चिकटवलं तरी चालतं. सांगा की तो प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची सनद वगैरे आहे, पण आजचा तास उजव्या बाजूचा. आणि एकच वाक्य फळ्यावर राहू द्या: उजवीकडचे नियम दोन्ही बाजूंना सारखेच लागतात, बरोबर असलेल्यालाही.

ही पायरी लोक वेळ वाचवायला गाळतात आणि मग पुढचा अख्खा तास "पण त्यांनी आधी हल्ला केला" यावर जातो. गाळू नका.

*पुढची पाच* गट करण्यात जाणारच, सहा-सात जणांचे. मुलगे एकीकडे मुली एकीकडे होऊ देऊ नका, मिसळा.

*मग वीस मिनिटं* गटांत कार्ड. तुम्ही फिरायचं, पण उत्तर द्यायचं नाही. कुणी विचारलं "सर हे अलाउड आहे का?" तर म्हणा "तू कमांडर आहेस." प्रत्येक गटाने निर्णय आणि त्याचं एक कारण कागदावर लिहायचं. लिहिल्याशिवाय सोडू नका, नाहीतर बोलताना गट निर्णय फिरवतात.

*पुढची वीस मिनिटं* चर्चा. एक गट निर्णय सांगतो, दुसऱ्या गटाला त्या प्रसंगातली वेगळी भूमिका द्या: तुम्ही आता खालच्या वर्गात अडकलेली आई आहात, तुम्ही गच्चीवरचा निरीक्षक आहात, हा निर्णय ऐकून काय वाटलं? एवढं केलं की बरेच गट स्वतःहून निर्णय बदलायला बघतात. बदलू द्या, पण आधीचा कागद फाडू देऊ नका, दोन्ही समोर ठेवा.

*आता* नियम. मुलांनी जे स्वतः म्हटलंय त्यातूनच चार ओळी फळ्यावर काढा:

लढणारा आणि न लढणारा वेगळा ओळखायचा, न लढणाऱ्यावर आणि नागरी जागेवर मुद्दाम हल्ला नाही.

लक्ष्य लष्करी असलं तरी आजूबाजूच्या नागरिकांचं नुकसान लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी होणार असेल तर हल्ला नाही.

हल्ल्याआधी खात्री करायची, जमेल तिथे इशारा द्यायचा, कमी नुकसानीचा मार्ग शोधायचा.

जो लढाईतून बाहेर पडला, जखमी, शरण आलेला, कैदी, त्याला मारायचं नाही, छळायचं नाही, उपचार द्यायचे.

यानंतर, आणि यानंतरच, "हे नियम खरंच लिहिलेले आहेत, १९४९ चे करार आहेत, आपल्या देशाने मान्य केलेत." मग पाहुण्यांची दहा मिनिटं. शेवटी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी: अजूनही न पटलेली एक गोष्ट. (कर्नल साहेबांना पंधरा मिनिटं लागलीच तर चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांकडून घ्या, जोर लावू नका.)

सावधान: दुसऱ्या ओळीवर कुणीतरी हिशोब मागतं, "एका सैनिकामागे किती नागरिक चालतात?" असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. आकडा देऊ नका, उदाहरणादाखलसुद्धा नको, तोच लक्षात राहतो.

दुसरी सावधगिरी, क्रिकेटच्या नियमांशी तुलना टाळा. सगळ्यांना सुचते आणि सगळ्यांना महागात पडते. समोरची टीम मैदान सोडून गेली की मॅच संपते, इथे समोरच्याने नियम मोडले तरी तुमचे नियम चालूच राहतात.

आणि हे शांततेचं प्रवचन नाही हे स्वतःला बजावून जा. हा कायदा शत्रूच्या सैनिकाला लढाईत मारायला परवानगी देतो, आणि काही नागरिक मेले म्हणजे प्रत्येक वेळी युद्धगुन्हा झालाच असंही नाही. ऐकायला बरं वाटत नाही, पण गोड करून सांगितलं तर मुलं बातम्या बघून म्हणतात की हे नियम म्हणजे सगळं थोतांडच.

६. हमखास येणारे प्रश्न

*"ते पाळत नाहीत, मग आपण का?"* हा येणारच. करारांच्या पहिल्याच कलमात "सर्व परिस्थितीत" पाळायचं असं लिहिलंय, समोरच्याने पाळलं तर असं नाही. कैदी, जखमी, नागरिक यांच्यावर सूड म्हणून हल्ला करायलाही बंदी आहे. शिवाय व्यवहार बघा, आपलीही माणसं त्यांच्या ताब्यात सापडतात.

*"अतिरेक्यांना कसले नियम?"* आधी सांगा की प्रत्येक बॉम्बस्फोट म्हणजे युद्ध नाही. जर्मन बेकरीचं उदाहरण मुलं स्वतः काढतात, १३ फेब्रुवारी २०१० चा तो स्फोट हा गुन्हा आहे आणि त्याला फौजदारी कायदा लागतो. देशांतर्गत सशस्त्र संघर्ष खरोखर युद्धाच्या पातळीला गेला तर चारही करारांमधलं समान तिसरं कलम किमान मर्यादा घालतं: लढाईतून बाहेर पडलेल्याला मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस धरायचं नाही, खटल्याशिवाय शिक्षा नाही. शिक्षा करू नका असं कुठेही म्हटलेलं नाही.

*"मग हिरोशिमा?"* १९४५, म्हणजे हे करार व्हायच्या आधीचं. अण्वस्त्रांबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ मध्ये सल्लादायी मत दिलं की त्यांचा वापर सर्वसाधारणपणे या कायद्याच्या विरोधात जाईल, पण देशाचं अस्तित्वच धोक्यात असेल अशा टोकाच्या स्वसंरक्षणात काय, यावर ठाम निर्णय देता येत नाही. हे जसंच्या तसं सांगा, अर्धवट सांगू नका.

*"महाराजांचा गनिमी कावा मग गुन्हा का?"* पुण्यात हा प्रश्न टाळता येत नाही, लालमहाल दोन किलोमीटरवर असतो. घाबरायचं कारण नाही. एक, आजचे करार १६६३ ला लावता येत नाहीत. दोन, आजही शत्रूला चकवणं कायदेशीर आहे: छुपा हल्ला, खोट्या तोफा, खोटी हालचाल, चुकीची माहिती पेरणं. बंदी आहे ती संरक्षणाचा विश्वास देऊन घात करण्यावर, म्हणजे पांढरं निशाण दाखवून जवळ बोलवायचं आणि मारायचं, किंवा रेडक्रॉसच्या गाडीत बंदूकधारी लपवायचे. मुलांना रस असेल तर महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र वाचून दाखवा, त्यात रयतेला उपद्रव नको, दाणावैरण पुरवून वापरा, आणि उंदीर पेटती वात नेईल नि गवताला आग लागेल इथपर्यंत काळजी आहे. पण त्यावर "आपल्याकडे सगळं आधीच होतं" असं भाषण ठोकू नका, वेळ जातो.

कर्णाच्या रथाचं चाक कुणीतरी काढेल. पाच मिनिटं द्या, मजा येते, मग पुढे.

७. गल्लीतली फेरी: लाल क्रॉस

सत्रानंतरचा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक गृहपाठ. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे "डॉक्टर" किंवा "औषध" याचं चिन्ह नाही. ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेचं आणि रेडक्रॉस संस्थेचं संरक्षक चिन्ह आहे, दुरून बघून "इथे गोळी झाडू नका" हे कळावं म्हणून. १९६० च्या आपल्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि माल जप्त होऊ शकतो.

मुलांना घर ते शाळा रस्त्यात किती ठिकाणी दिसतं ते वहीत लिहायला सांगा: मेडिकल, दवाखाना, खासगी ॲम्ब्युलन्स, डॉक्टरच्या गाडीची काच. पहिला सापडणारा नमुना बहुतेक वेळा शाळेचीच प्रथमोपचार पेटी असते. ती आधी बदला, हिरव्यावर पांढरा क्रॉस चालतो.

सावधान: मुलांना दुकानदाराशी हुज्जत घालायला पाठवू नका. दुकानाचं नाव न लिहिता फक्त प्रकार लिहायचा. आणि तुमच्या स्वतःच्या बॅनरवर, सर्टिफिकेटवर शोभेला लाल क्रॉस टाकू नका. हसू नका, हे सर्रास होतं.

८. मोबाईल

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी काय झालं आठवा. व्हिडिओ गेममधली दृश्यं, दुसऱ्याच देशातले जुने स्फोट, सगळं "आत्ताचं" म्हणून फिरत होतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर काका लोक रात्रभर फॉरवर्ड करत होते. म्हणून मुलांना तीन प्रश्न द्या: हे कुठलं आणि कधीचं, यात ज्याच्यावर हल्ला झाला तो लढत होता का, आणि हे पुढे पाठवल्याने कुणाचं नुकसान होईल का.

तिसरा प्रश्न कैद्यांच्या व्हिडिओसाठी आहे. युद्धकैद्याला अपमान आणि लोकांच्या कुतूहलापासून वाचवायचं असं तिसऱ्या कराराच्या कलम १३ मध्ये आहे. २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान पकडले गेले तेव्हाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितले आणि चिडलो, बरोबरच होतं. आता गंमत बघा, हेच कलम शिकवायला लोक वर्गात तोच व्हिडिओ लावतात. लावू नका. तोंडी सांगितलं की सगळ्यांना आठवतंच. मग विचारा की शत्रूचा कैदी असता तर त्याचा व्हिडिओ फॉरवर्ड केला असता का. वर्ग गप्प झाला तर लगेच बोलू नका.

९. सोसायटी आणि मंडळासाठी फेरफार

सोसायटीत एकच कार्ड, वीस मिनिटं, आणि वार्षिक सभेनंतर अजिबात नको, तिथे आधीच युद्ध झालेलं असतं. वैद्यकीय तंबूचं कार्ड मोठ्यांमध्ये चांगलं चालतं. मोठी माणसं गटात काम करत नाहीत, त्यामुळे जिन्याशेजारच्या जागेत उभं राहून हात वर करून मत घ्या.

गणपतीत जिवंत देखावा करायचा असेल तर दहा मिनिटांच्या वर संहिता नको, गर्दी पुढे ढकलावी लागते. एक प्रसंग, एक निर्णय, आणि निर्णयाच्या क्षणी थांबून प्रेक्षकांना विचारा. खऱ्या देशांचे झेंडे आणि गणवेश टाळा, डॉक्टरच्या पात्राच्या हातावर लाल क्रॉसऐवजी "वैद्यकीय" एवढं लिहा. बंदुकीचे आवाज कमी ठेवा, पुढच्या रांगेत लहान पोरं असतात.

१०. दोन-तीन आठवड्यांनी

प्रश्नमंजुषा घेऊ नका. "जिनिव्हा करार किती?" याचं उत्तर चार हे पाठ होतं, त्याने काही कळत नाही. एक नवीन, न बघितलेला प्रसंग द्या, उदाहरणार्थ लष्कराचं हॉस्पिटल. शहरात लष्करी हॉस्पिटल आहे, त्यात जखमी सैनिक आहेत, हल्ला करता येतो का? बरीच मुलं म्हणतात लष्कराचं आहे म्हणजे येतो. चूक, लष्करी हॉस्पिटलही संरक्षित आहे, तिथून शत्रूला इजा करणाऱ्या कारवाया होत असतील तरच ते संरक्षण जातं आणि तेही आधी इशारा आणि योग्य ती मुदत देऊन.

उत्तरं तपासताना हो-नाहीला मार्क देऊ नका, कारण बघा. "वाईट वाटतं म्हणून नाही" लिहिलं असेल तर फळ्यावरची पहिली ओळ (लढणारा आणि न लढणारा वेगळा) नीट पोचलेली नाही. "आत जखमी आहेत, ते आता लढत नाहीत" लिहिलं असेल तर पोचली. वर्गातल्या बहुतेकांचं एकाच जागी अडलं असेल तर पुढच्या सत्राचं पहिलं कार्ड त्याच मुद्द्यावर बनवा, आणि "न पटलेली गोष्ट" च्या चिठ्ठ्या फेकून न देता वर्गशिक्षकांच्या फाईलला लावा, पुढच्या वर्षी जो येईल त्याला तयारीला त्याच लागतील.